बोट विकत घेतली, जागा मात्र परवान्यावर: लंडनच्या कालव्यावर राहायला गेलेल्या बडोद्याच्या एका जोडप्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बडोद्यातल्या एका मराठी कुटुंबाचं आहे आणि त्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, मरिना (बोटी बांधून ठेवायची गोदी) कुठली ते सांगितलेलं नाही, घरगुती रकमा थोड्या मागेपुढे केल्या आहेत. तारखा आणि नियम मात्र जसेच्या तसे ठेवले, कारण सगळे निर्णय त्यांच्यावरच फिरले. निवृत्त लोकांच्या ठेवी, त्यांचा कर आणि परदेशातल्या मुलांना पाठवायचे पैसे हे माझं रोजचं काम. लंडनला राहणाऱ्या लेकीचे आई-वडील, म्हणजे इथले काका-काकू, माझ्याकडे आले तेही पैशाचा प्रश्न घेऊनच.

काका एका खत कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू मराठी शाळेत शिकवायच्या. दांडिया बाजारातलं वडिलोपार्जित घर विकलं गेलं, त्यातल्या हिश्शातून समा भागात तळमजल्याचं टेनामेंट झालं आणि उरलेलं मुदत ठेवीत गेलं. धाकटा मुलगा मांजलपूरला राहतो, त्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. थोरली लेक फिजिओथेरपिस्ट आहे आणि पश्चिम लंडनमधल्या एका सरकारी रुग्णालयात काम करते. जावई सॉफ्टवेअरमध्ये. ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ व्हिसा लेकीच्या नावावर आणि जावई तिच्यावर आश्रित. आश्रिताला तिथे जवळपास कुठलीही नोकरी करता येते, पण दोघांचं ब्रिटनमधलं राहणं लेकीच्या त्या एका नोकरीला बांधलेलं. पुढे काय घडलं ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

दोघं वेस्ट ड्रेटनजवळ एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होते. एलिझाबेथ लाइन मे २०२२ मध्ये सुरू झाली आणि त्या पट्ट्यातल्या स्टेशनांजवळच्या घरांना मागणी आली. भाडं १,६५० पौंड, त्यावर कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी), वीज, गॅस धरून महिन्याला दोन हजारांच्या आसपास जात होते. स्टेशनालगत ग्रँड युनियन कालवा वाहतो. हा लंडन ते बर्मिंगहॅम १३७ मैलांचा जुना मालवाहतुकीचा कालवा. त्याच्या काठाने चालत जाताना जावयांना बोटींतून राहणारी माणसं दिसायची. सकाळी धुराड्यातून धूर, छतावर कुंड्या, सायकली. चौकशी सुरू झाली ती तिथून.

प्रश्न कसा उभा राहिला

या बोटींना नॅरोबोट म्हणतात. जुन्या कालव्यांवरची बरीचशी लॉक (दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करायचे आणि त्यातून बोट चढवायचे-उतरवायचे कप्पे) जेमतेम सात फूट रुंद आहेत, म्हणून बोटीची रुंदी ६ फूट १० इंचांवर थांबते. लांबी मात्र साठ-सत्तर फुटांपर्यंत जाते. लेक-जावयांनी पाहिलेली बोट ५७ फुटी, पोलादी, २००६ साली बांधलेली. आत एकापाठोपाठ एक असं स्वयंपाकघर, बसायची जागा, न्हाणीघर आणि झोपायची खोली. मालक ५४,००० पौंड मागत होता. त्यांच्याकडे स्वतःचे तीस हजार होते.

लेकीने बाबांना पाठवलेलं गणित सरळ होतं. मरिनात बोट बांधायच्या जागेला, म्हणजे मुरिंगला, महिन्याला ४३०. कालव्याचा परवाना, विमा, गॅस, कोळसा, डिझेल आणि दुरुस्तीची सरासरी धरली की ८५०. महिन्याला अकराशे पौंड वाचणार, म्हणजे चार वर्षांत बोट फुकट.

काकूंचा विरोध पैशाला नव्हताच. हे बोलणं चाललं होतं जानेवारी २०२४ मध्ये. त्याच महिन्याच्या १८ तारखेला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बडोद्यात त्या आठवड्यात कुणाच्या घरी दुसरा विषय नव्हता. काकू स्वतः शिक्षिका. फोनवर त्या लेकीला एवढंच म्हणाल्या, “अगं, तुला घर घ्यायचंय तर घे, आम्ही काय नाही म्हणतो का? पण पाण्यावर?”

या भीतीला नुसतं ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवणं मला योग्य वाटलं नाही. लेकीने आईला कालव्याचे व्हिडिओ पाठवले, पाणी बहुतेक ठिकाणी कंबरेएवढं असतं हे सांगितलं. ते खरंच आहे. पण धोका नाही असं नाही, तो दुसरीकडे असतो. थंडीत खिडक्या बंद, आत कोळशाची शेगडी पेटलेली, आणि धुराड्यात कुठेतरी फट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्या देशात कालव्याच्या परवान्यासाठी बोट सेफ्टी स्कीमचं प्रमाणपत्र लागतं, दर चार वर्षांनी तपासणी होते आणि एप्रिल २०१९ पासून केबिन असलेल्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. गॅसचा सिलिंडर बाहेरच्या बंद कप्प्यात ठेवावा लागतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो बोटीच्या तळाशी साचू नये म्हणून त्या कप्प्याला बाहेर उघडणारं भोक असतं. हे सगळं काकूंना नीट समजावून सांगितल्यावर त्यांची भीती गेली असं नाही, पण त्या प्रश्न विचारू लागल्या. लेकीला त्याचा फायदा झाला. अलार्म किती आहेत, झोपायच्या खोलीत आहे का, हे विचारणाऱ्या पहिल्या काकूच.

कोणते पर्याय तोलले

भाड्याच्या घरात राहणं हा पर्याय होताच. त्यात काही चुकत नव्हतं, फक्त शिल्लक पडत नव्हती. फ्लॅट विकत घेण्याचा विचार झाला, पण व्हिसावर असलेल्यांकडून बँका मोठी अनामत रक्कम मागत होत्या आणि तीस हजारांत पश्चिम लंडनमध्ये ते बसत नव्हतं.

बोटीतही तीन तऱ्हा होत्या. पहिली, कायमची जागा न घेता फिरत राहायचं. कालव्यांचं जाळं कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून सांभाळते. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार कायमचं मुरिंग नसलेल्या बोटीला एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही आणि तिने खरोखर प्रवास करत राहावा लागतो. मुरिंगचं भाडं वाचतं, पण लेकीच्या शिफ्ट पहाटेच्या. दर पंधरवड्याला कामाचा रस्ता बदलणं तिला शक्य नव्हतं. शिवाय एप्रिल २०२४ पासून अशा बोटींच्या परवान्यावर अधिभार लागणार होता, दरवर्षी वाढत जाणारा.

दुसरी तऱ्हा, निवासी मुरिंग. तिथे बारा महिने राहण्याला स्थानिक कौन्सिलची बांधकाम-नियोजनाची परवानगी असते, पत्ता मिळतो, कौन्सिल टॅक्स भरावा लागतो. भाडं आठशेच्या घरात आणि जवळच्या दोन्ही ठिकाणी प्रतीक्षा यादी. तिसरी तऱ्हा, विरंगुळ्याचं मुरिंग. म्हणजे बोट तिथे ठेवा, शनिवार-रविवारी या, उन्हाळ्यात फिरा, पण ते तुमचं राहतं घर नाही. ४३० पौंड हा आकडा या तिसऱ्या तऱ्हेचा होता.

मरिनाच्या कार्यालयात त्यांना तोंडी सांगितलं गेलं की इथे बरेच लोक राहतात, कुणी विचारत नाही. आणि खरोखरच निम्म्या बोटींतून संध्याकाळी दिवे दिसायचे.

मी लेकीला गणित उलटं करून दाखवलं. निवासी भाडं आणि कौन्सिल टॅक्स धरला तर महिन्याची बचत अकराशेवरून सहाशेवर येते आणि बोटीचे पैसे सुटायला चारऐवजी सात वर्षं लागतात. सात वर्षांचं गणित पटत असेल तरच बोट घ्यावी, असं माझं मत होतं. तिने ते ऐकलं, वहीत मांडलंही. पण आजची गरज ४३० मध्ये भागत होती.

काकांनी त्याच बैठकीत एक प्रश्न विचारला होता. “पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन असतं ना, तसं तिथे कुणी विचारलं, तर पत्ता काय सांगणार?” विरंगुळ्याच्या मुरिंगवर मरिनाचा पत्ता वापरायला मनाई होती. साउथॉलच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पत्रं येतील, असं ठरलं.

बडोद्यातून पैसे कसे गेले

इथे थोडा थांबून तपशील देतो, कारण ही वेळ आपल्यापैकी अनेकांवर येते.

बोटीसाठी घरून सव्वीस हजार पौंडांची, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसत्तावीस लाखांची मदत हवी होती. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा. ऑक्टोबर २०२३ पासून शिक्षण आणि औषधोपचार सोडून इतर कारणांसाठी वर्षाला सात लाखांच्या वर जी रक्कम जाईल तिच्यावर २० टक्के कापले जात होते. काकांनी एकट्याने एकदम पाठवले असते तर चार लाखांच्या वर रक्कम अडकली असती. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. पण ज्यांचा मूळ करच नगण्य, अशा निवृत्त माणसाचे चार लाख वर्षभर अडकून पडणं हा भुर्दंडच.

सात लाखांची ही मर्यादा माणशी आणि आर्थिक वर्षागणिक मोजली जाते. म्हणून काका आणि काकू दोघांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर, मार्च २०२४ मध्ये सात लाखांच्या आत आणि पुन्हा एप्रिल २०२४ मध्ये सात लाखांच्या आत पाठवले. चारही वेळा परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए-२ भरला, त्यात कारण लिहिलं ‘नातेवाइकाला भेट’. टीसीएस एक रुपयाही कापला गेला नाही. (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली आहे.) काकूंच्या ठेवी त्यांच्याच पगारातून साठलेल्या होत्या म्हणून हे सरळ झालं. ऐनवेळी नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या खात्यात रक्कम फिरवून कुणी हे करू पाहत असेल तर आधी आपल्या सीएला विचारावं.

काकांना खरं म्हणजे हे कर्ज म्हणून द्यायचं होतं. अनिवासी जवळच्या नातेवाइकाला रुपयांत बिनव्याजी कर्ज देता येतं, पण ती रक्कम भारताबाहेर नेता येत नाही. त्यामुळे भेट हाच मार्ग उरला. भेट दिली की परत मागण्याचा हक्क संपतो, आणि इथे धाकट्या मुलाचा प्रश्न आला. तो काही बोलला नव्हता. पण न बोललेल्या गोष्टीच दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी बाहेर येतात, हे मी या गावात अनेक घरांत पाहिलं आहे. म्हणून काकांनी मृत्युपत्रात कलम घातलं: लेकीला २०२४ साली दिलेली ही रक्कम तिच्या हिश्शातून वजा धरावी. मसुदा दोन्ही मुलांनी वाचला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

आणखी एक अट काकूंनी घातली, आजारपणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावायचा नाही. ती पाळली गेली.

बोटीची तपासणी आणि खरेदी

बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरकडून तपासून घेतली. अशा बोटीचा तळ सहसा दहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा आणि बाजू सहा मिलिमीटरच्या. अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजल्यावर मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ, दीड मिलिमीटर खोल खड्डे निघाले. साडेचार मिलिमीटर उरले होते. विमा कंपन्या साधारण चारच्या खाली गेलं की कुरकुरतात.

कारण समजून घेण्यासारखं आहे. मरिनात बोट किनाऱ्यावरच्या विजेला जोडलेली असते. अर्थिंगच्या तारेतून शेजारपाजारच्या सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात, आणि पाण्यातले वेगवेगळे धातू मिळून बॅटरीसारखं काम सुरू होतं. त्यात पोलाद झिजू नये म्हणून गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे ॲनोड लावतात, ते आधी झिजतात. या बोटीचे ॲनोड संपलेले होते आणि अर्थिंगमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (हा झिजवणारा प्रवाह अडवणारं उपकरण) बसवलेलाच नव्हता. म्हणजे बोट जितकी एका जागी निवांत उभी, तितकी ती झिजत होती.

अहवालाच्या जोरावर किंमत ५१,००० वर आली. वाचलेल्या पैशांतून नवे ॲनोड, आयसोलेटर आणि तळाला डांबराचा थर झाला. काही हजार पौंड गंगाजळी म्हणून बाजूला राहिले.

मालकीबद्दल मी फार चौकशी केली होती, कारण घराला जसा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड असतं तसं काही या बोटींना नसतं. कालव्याचा परवाना मालकी सिद्ध करत नाही. विक्रीपत्र, आधीच्या मालकांच्या पावत्या, बांधणाऱ्याचं घोषणापत्र, एवढ्याच साखळीवर भरवसा. ती पूर्ण निघाली. विमा कंपनीला मात्र त्यांनी आपण बोटीतच राहणार हे लेखी कळवलं, हप्ता वाढला तरी. मे २०२४ मध्ये दोघं राहायला गेले.

पहिलं वर्ष

राहणं जमलं. १६ अँपिअरच्या जोडणीवर साडेतीन किलोवॉटच्या आसपास भार चालतो, त्यामुळे किटली, हीटर आणि धुण्याचं यंत्र एकदम लावायचं नाही, ही सवय आठवड्यात झाली. पाण्याची टाकी नळीने भरायची. संडासाची कॅसेट, म्हणजे सुटी निघणारी टाकी, उचलून नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची, हे काम जावयांनी स्वतःकडे घेतलं. गॅस प्रोपेनचा, कारण ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतो.

सगळ्यात त्रास झाला तो वाफेचा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडक्यांच्या चौकटीतून पाणी ओघळायचं, गादीखाली बुरशी यायची. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळी टाकली, आमटी-भात खिडकी उघडी ठेवून, थंडीतसुद्धा. गणपतीत शाडूची लहान मूर्ती बसवली आणि बादलीत विसर्जन केलं.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. समा भागात काका-काकूंच्या टेनामेंटमध्ये पाणी शिरलं, फ्रिज, कपाटं, काकूंची पुस्तकं गेली. सोसायट्यांतून मगरी फिरत असल्याच्या बातम्या होत्या. मुलगा येऊन दोघांना मांजलपूरला घेऊन गेला. त्या काळजीच्या दिवसांत लेकीचा फोन तासातासाला. काकू नंतर मला म्हणाल्या, “मी तिच्या पाण्याची काळजी करत होते आणि पाणी आमच्याच घरात आलं.” बोटीबद्दलचा त्यांचा विरोध त्यानंतर मावळला. मला मात्र त्या दिवसांत एकच गोष्ट दिसत होती. घर धुऊन निघालं तरी जमीन काका-काकूंचीच राहिली, भिंती वाळल्यावर ते परत आले. लेकीच्या बोटीला काही झालं नव्हतं, पण तिच्याखालची जागा तिची नव्हती.

नोटीस

मरिनाचं व्यवस्थापन बदललं. सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या विरंगुळ्याच्या मुरिंगधारकांना पत्र आलं. कौन्सिलच्या परवानगीतल्या अटीनुसार या जागा मुख्य निवास म्हणून वापरता येत नाहीत, राहणाऱ्यांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत जागा सोडावी.

ही अट नवी नव्हती. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नियोजन परवानग्यांची नोंद कुणालाही पाहता येते, त्या मरिनाची जुनी परवानगीही तिथे होती, अटीसकट. आणि करार होता तो मुरिंगचा परवाना, २८ दिवसांच्या सूचनेवर संपणारा. तिथे फिरत्या घरांच्या वसाहतीत राहणाऱ्यांना १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याचं संरक्षण आहे. बोटींना ते लागू नाही. दोघांनी बोटीत राहणाऱ्यांच्या असोसिएशनशी बोलून पाहिलं, तिथेही हेच समजलं: करारात निवासाचा हक्कच नसेल तर भांडायला फारसा आधार नाही.

पुन्हा पर्याय, या वेळी घाईत

दहा-बारा दिवस रोज फोन चालले. बोट विकून पुन्हा भाड्याच्या घरात जावं, हा जावयांचा पहिला विचार. पण मुरिंगशिवाय बोट विकायला काढली की घेणारा भाव पाडतो, आणि विकणाऱ्याला मुदत असली की जास्तच. मुरिंग बोटीबरोबर विकलं जात नाही, नव्या मालकाने मरिनाशी नव्याने करार करावा लागतो.

फिरत राहण्याचा मार्ग लेकीला यावेळीही नको होता. काही शेजाऱ्यांनी गप्प बसून राहायचं ठरवलं. लेकीनेही क्षणभर तसा विचार केला. तेव्हा काका ठामपणे म्हणाले, “तू परदेशात व्हिसावर आहेस. तुझ्या नावावर एकही वाद नको.” मला ते शंभर टक्के पटलं. व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात राहण्याचा पत्ता अचूक ठेवणं बंधनकारक आहे, आणि मैत्रिणीचा पत्ता दाखवत राहणं तसंही टिकणारं नव्हतं.

निवासी मुरिंग मिळालं ते वर, हर्टफर्डशायरमध्ये, हेमेल हेम्पस्टेडच्या बाजूला. ७८० पौंड, कौन्सिल टॅक्स वेगळा, जागा लगेच रिकामी. अडचण एकच, रुग्णालय दूर पडणार. मग तिथल्याच जवळच्या रुग्णालयात नोकरी बदलावी का? बडोद्यात बसून सगळ्यांना वाटलं की सरकारी आरोग्यसेवा एकच, बदली मागितली की झालं. तसं नाही. या सेवेतला (एनएचएस) रुग्णालयं चालवणारा प्रत्येक ट्रस्ट हा नोकरी देणारा स्वतंत्र मालक असतो. ट्रस्ट बदलला की नवं प्रायोजक-प्रमाणपत्र आणि नवा व्हिसा अर्ज. घर आणि व्हिसा दोन्ही एकाच महिन्यात हलवायचं नाही, हे माझं सांगणं होतं. लेकीचंही तेच मत पडलं. जागा बदलायची, नोकरी नाही.

वेळेचाही प्रश्न होता. कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, लॉकची दुरुस्ती काढतो आणि कालव्याचे तुकडे आठवडेच्या आठवडे बंद राहतात. त्याच उन्हाळ्यात पाऊस कमी झाल्याने देशातल्या अनेक कालव्यांवर वाहतूक थांबवली गेली होती. ऑक्टोबर हुकला असता तर बोट वर नेणंच अवघड झालं असतं.

काय केलं, काय झालं

ऑक्टोबरच्या मध्यावर दोघांनी रजा काढली आणि बोट स्वतः चालवत नेली. अक्सब्रिज, रिकमन्सवर्थ, वॉटफर्डच्या कडेने कालवा टेकड्यांकडे चढत जातो, त्यामुळे लॉकमागून लॉक. एकाने बोट सांभाळायची, दुसऱ्याने काठावर उतरून लोखंडी हँडलने पाण्याची दारं उघडायची. प्रवास नीट पार पडला.

नव्या जागी लेखी निवासी करार आहे, टपाल येतं, कौन्सिल टॅक्सचं बिल त्यांच्या नावावर येतं. काकांना त्या बिलाचा फोटो पाहून झालेला आनंद मी पाहिला आहे. व्हिसा खात्यातला पत्ता बदलला. राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून भारतीयांना ब्रिटनमध्ये मतदार नोंदणी करता येते, ती केली. कर्ज मागायची वेळ आली तर ही नोंद उपयोगी पडते.

बचत मात्र सहाशेच्याही खाली आली आहे. लेक पहाटेच्या शिफ्टला गाडीने जाते, त्यासाठी जुनी गाडी घ्यावी लागली. जावई आठवड्यातून दोनदा युस्टनला जाणाऱ्या लोकलने. बाजूला ठेवलेली रक्कम जवळपास संपली, आणि तळाला डांबर देण्याचं काम २०२७ मध्ये पुन्हा येईल. काका-काकू मागच्या वसंतात सहा आठवडे जाऊन आले, पण काकूंच्या गुडघ्यांना बोटीच्या उभ्या पायऱ्या झेपेनात, म्हणून रात्री जवळच्या खोलीत आणि दिवसा बोटीवर असं करावं लागलं. त्याचा खर्च कुणी धरलाच नव्हता.

पुन्हा अशी वेळ आली तर

असं दुसरं कुटुंब माझ्याकडे आलं तर मी क्रम बदलायला सांगेन. आधी निवासी मुरिंग, लेखी, आणि मग त्या जागेत मावणारी बोट. प्रतीक्षा यादी असेल तर तेवढे महिने भाड्याच्या घरात काढावेत. इथे बोट आधी आवडली आणि जागा तिच्यामागून शोधली गेली, म्हणून जागेचा विचार ‘बोटीला जवळ कुठे बांधता येईल’ एवढाच राहिला.

कौन्सिलची नियोजन नोंद शोधायला एक संध्याकाळ लागते. कार्यालयातला माणूस काय म्हणतो यापेक्षा त्या कागदावर निवासी जागा किती मंजूर आहेत हे पाहावं. निम्म्या बोटींत दिवे दिसतात हा पुरावा धरू नये, कारण नोटीस आली तेव्हा त्या निम्म्या बोटी एकाच वेळी एकाच प्रतीक्षा यादीकडे धावल्या.

व्हिसा ज्याच्या नावावर, त्याची नोकरी आणि बोटीची जागा यांतलं अंतर आधी नकाशावर मोजावं. आणि बडोद्यातून पैसे देणाऱ्या आई-वडिलांनी रक्कम ठरवताना दुसऱ्यांदा द्यावे लागतील का, हा प्रश्न उघड विचारावा. काकांनी तो विचारला नव्हता. गाडी घ्यायच्या वेळी लेकीने मागितले नाहीत, त्यांनीही विचारलं नाही. त्यावर काकू अजून बेचैन आहेत, आणि पुढच्या महिन्यात चौघं त्यावर बोलणार आहेत. धाकट्या मुलानेच तो विषय काढला आहे.